घरात मराठी बंद

लेकीला शाळेत घालायचं ठरलं आणि माझं धाबं दणाणलं. शाळा इंदिरानगरातच, घरापासून चालत पाच मिनिटांवर. पण तिथे म्हणे आईबापाचीही मुलाखत घेतात, तीही इंग्रजीत. आईला बोलता आलं नाही तर पोरीला प्रवेश नाही, असं शेजारच्या काकूंनी छातीठोकपणे सांगितलं. झालं! मी शिकलेली सायखेड्याच्या मराठी शाळेत.

व्याकरणाचं पुस्तक आणलं. पाठांतराची मला एकच रीत ठाऊक, पाढ्यांची. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, बे एके बेच्या चालीत, पोळ्या लाटता लाटता. नवरा म्हणाला, "अगं, श्वास तरी घे." मी डाफरले, "तुला काय जातंय बोलायला!" त्याला ऑफिसात इंग्रजीची सवय. घाबरायचं काम माझ्या एकटीकडे.

मग मीच फर्मान काढलं, घरात मराठी बंद. लेक 'पाणी' म्हणाली की 'वॉटर' म्हणेपर्यंत पेला द्यायचे नाही. पुन्हा मराठी शब्द निघाला की चिमटा. काय ही दुष्टबुद्धी! पण तेव्हा ते तिच्या भल्याचंच वाटत होतं. पोर हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, शहाणी झाली.

मुलाखतीच्या दिवशी नवरा, मी आणि लेक शाळेच्या बाईंसमोर बसलो. बाईंनी दोन-तीन सोपे प्रश्न विचारले, मी धडाधडा उत्तरं दिली. सुटले एकदाची! मग त्या लेकीकडे वळल्या. नाव विचारलं, गप्प. आवडता रंग विचारला, गप्प. मी टेबलाखालून तिला ढोसलं. गेला प्रवेश!

बाई हसल्या. "बरं बाळा, मराठीत सांग. घरी कोणाशी खेळतेस?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मांडीवरचा फ्रॉक घट्ट धरून ती बाईंना हळूच म्हणाली, "आई बाहेर गेली की सांगते."

मी उठले. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा प्रवेशाचा विचारही डोक्यात नव्हता. आतून तिचा आवाज येत होता. ती बोलत होती, हसत होती, थांबतच नव्हती.