वरचा सुळा आणि सुमनकाकूंचा डोळा

"डोळ्यात औषध घालून सहा दिस झाले गं डॉक्टर, पण सूज काय उतरंना."

सुमनकाकू माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. डावा डोळा पूर्ण मिटलेला. पापण्या पिकल्या जांभळासारख्या. नाकाच्या बाजूनं ओठाकडं एक घडी उतरते ना, हसताना दिसते ती, डावीकडची सुजेत बुडून गेली होती. सोबत त्यांची थोरली जाऊ, अनसूयाबाई.

माझा दवाखाना अणदूरला, दातांचा. मी डोळ्यांची डॉक्टर नाही. पण ती बुडालेली घडी दिसली आणि मी विचारलं, "काकू, वरचा सुळा दुखत होता का?" सुळा म्हणजे पुढच्या चार दातांशेजारचा टोकदार दात.

"मागल्या महिन्यात लई दुखला. मग आपोआप थांबला. बरा झाला."

दुखायचं थांबलं म्हणजे दात बरा झाला का, हे मला रोज कुणीतरी विचारतं. उत्तर आहे, नाही. दाताच्या आत बारीक नस असते. कीड तिच्यापर्यंत पोचली की ठणका लागतो. नस मेली की ठणका थांबतो. चोर घरात शिरल्यावर कुत्रं भुंकायचं थांबलं, तर चोर गेला असं आपण समजत नाही. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, मुळाच्या टोकाशी पू धरतो, आणि सुळ्याचं मूळ तोंडातलं सगळ्यांत लांब. त्याचं टोक नाकाच्या बाजूला, थेट डोळ्याच्या खाली येतं.

"सूज आल्या आल्या माझ्याकडं का नाही आलात?"

काकूंनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "सुजला डोळा. दाताच्या डॉक्टरकडं कशाला येऊ? तूच लिवलंस की, दाताचा अन् डोळ्याचा काय बी संबंध न्हाय म्हणून. आज चूळ भरताना हिरडीवर गाठ लागली हाताला, म्हणून आले."

लिहिलं होतं मी, छापून.

आमच्या भागात एक भीती घट्ट बसलेली आहे. वरचा दात काढला की नजर जाते. या भीतीपोटी माणसं सडलेले दात वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात. मला याचा संताप येतो. चौदा एप्रिलला सगळ्या गल्लीत गाणी लागायची तेव्हा आमचे पप्पा पत्रकं वाटत फिरायचे. चुकीच्या समजुतीवर उपाय म्हणजे पत्रक, हे मी घरातच शिकले. दवाखाना टाकल्यावर मीही एक काढलं आणि खंडोबाच्या जत्रेत वाटलं. पहिलंच वाक्य ठळक अक्षरात होतं : दाताचा आणि डोळ्याचा काडीमात्र संबंध नाही.

काकू ब्लाउज शिवतात. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या मशीनवर चालतं. त्यांनी ते पत्रक मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवलं होतं आणि मापं द्यायला येणाऱ्या बायकांना वाचून दाखवायच्या. म्हणजे गावात माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवणारी बाई मेडिकलमधून थेंब आणून घालत बसली, आणि तेही माझ्याच भरवशावर.

खरं काय ते असं. चेहऱ्यावरच्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूपर्यंत जातात. पायातल्या शिरांना झडपा असतात, रक्त एकाच दिशेनं जातं. चेहऱ्यावरच्या शिरांत रक्त उलटंही वाहू शकतं. त्यामुळे सुळ्यातला जंतू वर चढू शकतो. क्वचित चढतो, पण चढला तर डोळा जातो आणि कधी माणूसही. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं आणि पत्रक लिहिताना सोडून दिलं होतं, कारण 'पण' घातला की वाक्याचा जोर जातो.

मी सोलापूरला सरांना फोन लावला. सर जबड्याचे सर्जन, माझे शिक्षक.

"बुबुळ बाहेर आलंय?"

"नाही सर."

"सगळीकडं फिरतंय?"

मी पापण्या बोटांनी अलगद उघडल्या. "वर बघा. खाली. माझ्या बोटाकडं." फिरत होतं.

"दिसतंय का? नुसतं दिसून भागायचं नाही. डोळ्यामागची नस दबायला लागली की आधी रंग फिके होतात. लाल विशेष. रंग दाखव."

दाताच्या दवाखान्यात रंग कुठून आणायचे? काकूंनीच पिशवी पुढं केली. तालुक्याला मॅचिंग आणायला नेलेले कापडाचे तुकडे होते. उजवा डोळा अनसूयाबाईंनी तळहातानं झाकला, डाव्याच्या पापण्या मी धरल्या, आणि एकेक तुकडा समोर आणला.

"मोरपंखी."

"हा?"

"चिंतामणी."

"हा कुंकवी ना?" मी लाल तुकडा धरला.

"कुंकवी? व्हय गं, डॉक्टरकी कशी पास झालीस? डाळिंबी हाय त्यो. कुंकवी मगाशी खाली ठिवलास त्यो."

मी दोन्ही तुकडे उजेडात धरले. मला फरक कळेना. अनसूयाबाईंनाही कळेना. त्या सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून, पू जवळ येऊन ठेपलेला असताना, तो डोळा आम्हा दोघींच्या चारही धडधाकट डोळ्यांपेक्षा जास्त पाहत होता.   बोराएवढी ती वस्तू, तीस वर्षं रंग निवडून तयार झालेली, आणि ती वाचवायची की घालवायची हे पुढच्या काही तासांवर होतं.

"सर, डाळिंबी आणि कुंकवी वेगळे ओळखतायत."

"मला नसते आले ओळखता. अजून डोळ्यामागं गेलेलं नाही. पू काढ, सुळा काढ, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दे आणि लगेच इकडं पाठव. सुजेत सुई घालू नको, लांबून बधिर कर."

सुळा काढायचा म्हटल्यावर अनसूयाबाई उभ्या राहिल्या. "न्हाय. डोळा आधीच मिटलाय, त्यात वरचा दात काढतीस? आमच्या आत्याचा असाच गेला. सूज आली, दात काढला, आठ दिसांत डोळा गेला."

आतापर्यंत असल्या गोष्टीला मी भाकडकथा म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. सूज आधी आली होती. म्हणजे पू आधीच वर निघाला होता, दात उशिरा काढला, आणि आळ चिमट्यावर आला. बायकांनी पाहिलं ते खरं होतं. गुन्हेगार तेवढा चुकीचा धरला होता.

"मावशी, आत्याचा दात आठ दिवस आधी काढला असता तर डोळा राहिला असता," मी म्हणाले.

"आन् हिचा ऱ्हाईल? लिहून दे."

"लिहून देत नाही. एवढं सांगते, दात ठेवला तर धोका वाढतो."

काकूंनी जावेचा हात धरून खाली बसवलं. "बसा आक्का. ही 'नक्की' म्हणली असती तर म्या उठून गेले असते. काढ गं."

सुजलेल्या जागी भूल नीट लागत नाही, ते मी आधीच सांगितलं. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वरच्या कडेला छोटा छेद दिला. काकूंनी खुर्चीचा हात आवळला. आणि पू आला. किती आला! दुर्गंधीनं अनसूयाबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी बोटानं गालावर हलका दाब देत होते आणि डोळ्याखालची ताणलेली कातडी माझ्यासमोर सैल पडत होती. नंतर सुळा निघाला. मुळाचं टोक काळं पडलेलं.

काकू गुळणी करून म्हणाल्या, "डोळ्यामागनं कुणीतरी धोंडा उचलला गं."

गल्लीतल्या एकाची क्रूझर गाडी निघाली. मीही सोबत गेले. सोलापूरला सरांकडं सलाईनमधून औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी नखाएवढी उघडली. चौथ्या दिवशी काकू घरी आल्या. नजर शाबूत.

जुनी पत्रकं जिथं सापडली तिथून मी काढून घेतली. नव्या पत्रकात पहिलं वाक्य लांब आहे आणि ठळक नाही : वरचा दात काढल्यानं नजर जात नाही, पण सडलेला दात तसाच ठेवला, तर क्वचित जाऊ शकते. चेहऱ्यावर सूज आली तर त्याच दिवशी दाखवा.

गावातल्या बायकांच्या बैठकीत मी उभी राहून आधीचं चुकलं होतं, असं सांगितलं. अनसूयाबाई पुढंच बसल्या होत्या.

"म्हंजे आमची म्हातारी माणसं खरं बोलत हुती."

"अर्धं खरं, मावशी."

"आन् तुझं पत्रक?"

"तेही अर्धंच."

"मग?" त्या म्हणाल्या. "आमचं अर्धं आमी कुठं छापून वाटलं हुतं?"