मामांची सही

ईमेलला कुलूप लावायची कला मला येते, हे आमच्या नातेवाइकांत कुणीही मान्य करत नाही.

पिंकी ही माझी भाची, घोडेगावची. तिला सांगून आलेला मुलगा नगरला माझ्याच ऑफिसात कम्प्युटर सांभाळायचा, आणि पिंकीला तो मनापासून आवडला होता. दाजी म्हणाले, "तुमी रोज बघता त्याला. खरं काय ते लिवून धाडा, पन गुपचूप." ताईचा फोन कायम स्पीकरवर, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर शेजारीही वाचतात. उरला दाजींचा डेअरीसाठी काढलेला ईमेल.

मेलला कुलूप घालून खाली डिजिटल सही करायला मी नुकताच शिकलो होतो. (म्हणजे व्हिडिओ पाहिला होता. अर्धा!) कुलपाची किल्ली दाजींच्या मोबाईलमध्ये घालून दिली आणि लिहिलं: मुलगा हुशार, निर्व्यसनी, पण जेवणानंतर खुर्चीत घोरतो. साहेबांना वाटतं, विचार करतोय.

दाजींच्या मोबाईलवर मेल कोरा दिसला. डेअरीच्या कम्प्युटरवर पानंच्या पानं एबीसीडी उमटली! मी प्रोग्राम बदलून पुन्हा पाठवला, तर मोबाईल किल्लीच ओळखेना. शेवटी दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, पोरगं लई वाईट हाय का? न्हाई, एवढं दडवून ठिवताय म्हनून इचारतो. नकार कळवू का?"

मी घाबरलो. कुलूप काढून टाकलं, नुसती सही ठेवली. मेल एकदाचा वाचता आला, पण सही न उघडणारी फाईल होऊन खाली लटकत राहिली.

रविवारी मुलगा घोडेगावला आला, मीही होतो. पोहे खाताना दाजींनी ती फाईल उघडून घ्यायला फोन थेट मुलाच्याच हातात दिला! त्यानं फाईलच्या वरचं सगळं शांतपणे वाचलं. पिंकीचा चेहरा उतरला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं सांगून टाकलं की असलं काही मी लिहिलंच नाही, कुणीतरी माझं खातं चोरलं असणार.

"बघतो की, मामा." त्यानं गाडीतून लॅपटॉप आणला, दाजींचा मेल त्यावर उघडला. हिरवी खूण उमटली. "सही तुमचीच हाय. एक अक्षरसुद्धा बदललेलं न्हाई."

पिंकी खुदकन हसली, मग सगळेच हसले, आणि लग्न तिथंच ठरलं. माझी सही मोबाईलला कळली नाही, डेअरीच्या कम्प्युटरला कळली नाही. बिनतक्रार चालली ती एकाच ठिकाणी, ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच लॅपटॉपवर!