फ्लॉपीत मावेल तेवढं

दुकानातला माझा भागीदार जिनपाल मगदूम झोपेतच गेल्याचं त्याच्या बायकोनं, वहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पण परवाच तर भांडलो आम्ही!" महिना होत आला, तरी ते भांडण अपुरं राहिल्याची चुटपुट जात नाही...

भांडणं आमची कायमचीच. वारणानगरकडच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्रावर आम्ही जुना संगणक बसवला होता, लिनक्सवाला. डिस्कवरून सुरू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तो फ्लॉपीवरून सुरू व्हायचा. ऐन संकलनात वीज गेली, की परत आल्यावर तो संगणक सगळी डिस्क तपासत बसायचा आणि किटल्या घेतलेल्या बायका ताटकळायच्या. "पुन्यांदा अडकलं तर तुमचं खोकं उचला," चेअरमननी बजावलं. आमच्या दुकानाचं ते पहिलंच काम. ते गेलं असतं तर दुकानही गेलं असतं.

इलाज होता जर्नल, म्हणजे नोंदवही, ठेवणारी फाइलसिस्टिम, डिस्कवरची माहिती सांभाळणारी व्यवस्था. डिस्कवर काय लिहिणार ते ती आधी टिपून ठेवते, त्यामुळे वीज आल्यावर तेवढंच बघून कामाला लागते. पण तिचा कोड कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात हवा, आणि तो गाभा त्या इवल्या फ्लॉपीतच बसायला हवा. मासिकात वाचलेली एक वेगवान फाइलसिस्टिम माझ्या डोक्यात बसली होती. ती काही केल्या मावेना. जिनपालनं साधी ईएक्सटी-थ्री धरली, डिस्कवरचं जुनं काही न पुसता चालणारी. तीही थोडी जास्त झाली, तर त्यानं कर्नलमधला आवाजाचा भागच काढून टाकला. मी ओरडलो. तो म्हणाला, "म्हशीस्नी गाणी ऐकवायची हायत व्हय रं?"

नवी फ्लॉपी घातली, आणि केंद्रावर रांग लागलेली असताना जिनपालनं कुणाला न विचारता संगणकाचा प्लग उपटला. चेअरमन किंचाळले, "अवो पावणं, काय कराय लागलाय?"

"वीज सांगून जाती व्हय?" म्हणत त्यानं प्लग परत लावला. रांगेतल्या मावशींचं आम्हाला बोलून व्हायच्या आत पडदा उजळला, मघाचं माप जागच्या जागी! मी त्याला मिठीच मारली.

तेव्हापासून प्रत्येक मशीन गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तो त्याच्यासमोर प्लग उपटायचा. आमचं ते शेवटचं भांडण त्यावरूनच. "आता यूपीएस आलेत, बंद कर हा तमाशा," मी म्हणालो. "तू कर," म्हणाला आणि हसला.

काल वहिनींनी दुकान उघडलं. एक जण तयार झालेला संगणक न्यायला आला. माझाच हात प्लगकडे गेला. पडदा काळा झाला तसं गिऱ्हाईक ओरडलं, "अवो, काय केलासा?"

"वीज सांगून जाती व्हय, पावणं?" वहिनी म्हणाल्या.

मी प्लग लावला. पडदा उजळेपर्यंत आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो.