एक लाख ब्याण्णव हजारांवरची गाडी

गाडी अजून किती चालेल, हा प्रश्न मी जितक्या लोकांना विचारला असेल, तितक्या डॉक्टरांना मी माझ्या ब्लडप्रेशरबद्दलही विचारलेलं नाही. आणि सरळ उत्तर एकानेही दिलं नाही. प्रत्येकजण आधी हसायचा, मग विचारायचा, "ट्यून केलेली आहे का?" मी हो म्हटलं की मान हलवायचा, एखाद्याच्या पोराने आईबापांना न सांगता लग्न केल्याचं कळल्यावर हलवतात तशी.

गाडी म्हणजे काळी जर्मन सेडान. दिसायला अगदी सभ्य. मी घेतली तेव्हा तिचे नव्वद हजार किलोमीटर झालेले होते आणि आधीच्या मालकाने तिचं इंजिन ट्यून करून घेतलेलं होतं. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलायचा, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवायचा आणि कंपनीने जेवढी ताकद दिली त्याहून बरीच जास्त काढून घ्यायची. उरणच्या बंदराजवळ एका ऑफिसात दिवसभर कागद पुढे सरकवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ही गाडी कशाला हवी होती, असं बायकोने विचारलं. आवडली, एवढंच. या बाबतीत मी माझ्या बापावर गेलोय.

बापाचा जीव शर्यतीच्या बैलांत. आमचं गाव आणि जमीन विमानतळात गेली, आम्ही पनवेलला राहायला आलो, तोवर शर्यतींवर बंदी येऊन आमची शेवटची जोडी विकलीही गेली होती. मग आई गेली. त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. आंघोळीला उठा म्हटलं तर उठायचे नाहीत, जेवायला वाढलं तर ताट तसंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले, इतकाच फरक.

मी गाडी घेऊन दारात उभा राहिलो त्या सकाळी ते आपणहून बाहेर आले. कितीतरी दिवसांनी. बॉनेटवर पंजा ठेवून तसेच उभे राहिले. आतलं इंजिन घुमत होतं.

"पलते काय?" त्यांनी विचारलं.

"पलते."

"बघू."

पनवेलबाहेर नेरे गावाच्या बाजूला, डोंगराखालच्या मोकळ्या रस्त्याला घेऊन गेलो आणि पाय दाबला. बाबा सीटला चिकटले. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पण ते हसत होते, दात नसलेलं तोंड उघडं टाकून. आई गेल्यावर पहिल्यांदा. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं बाहेर पडायला लागलो, कधी नेऱ्याकडे, कधी उरणच्या किनाऱ्यापर्यंत. आमच्यात तसं बोलणं कधीच नव्हतं, बाप-लेकांत असतं तेवढंही नाही. गाडीत मात्र ते बोलायचे. कुठल्या बैलाने कुठलं मैदान मारलं, कुठला कासऱ्याला कच्चा होता, कुठला नुसता हाकेवर पळायचा.

म्हणून मी लोकांना विचारत फिरायचो, गाडी किती चालेल. लोकांना वाटायचं, मला गाडीची काळजी आहे. मला हे बघायचं होतं की बाबा अजून किती रविवार उठतील. माझ्या लेखी ते दोन प्रश्न एकच झाले होते.

इंटरनेटवरची पोरं सांगायची, ट्यून केलेली गाडी दीड लाखाच्या पुढे गेली की देवाची कृपा. दुसरा कोणी सांगायचा, त्याच्या ओळखीच्याची तीन लाखांवर आहे आणि घाट चढताना अजून शिट्टी मारते. आधी गिअरबॉक्सचे क्लच जातील. नाही, आधी टर्बो जाईल. प्रत्येकाचा आवाज ठाम आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. त्यातल्या त्यात विश्वास ठेवावा असा एकच, आमचा पनवेलचा मेकॅनिक. साठीचा माणूस, कमी बोलणारा. एकदा सर्व्हिसला मी आणि बाबा दोघंही गेलो होतो, तेव्हा त्याला कोपऱ्यात गाठून विचारलंच.

"बघा साहेब," तो हात पुसत म्हणाला, "ऑइल वेळेवर बदला, कंपनी सांगते त्याच्या अर्ध्यावर. इंजिन गरम झाल्याशिवाय पळवू नका. आणि पळवून आणली की लगेच बंद करू नका, दोन मिनिटं तशीच चालू राहू द्या, टर्बोला थंड व्हायला वेळ लागतो. एवढं पाळलं तर लाखभर अजून बेफिकीर जाईल. नाही पाळलं तर माझी जिम्मेदारी नाही."

बाबा मागे उभे राहून ऐकत होते. त्यांचे डोळे चमकले.

"आता कसा बोलला," ते मला म्हणाले. "बैल पलवून आनला की लगेच बांदायचा नाय. फिरवायचा. नाय त आखडतो. मी तुला सांगत नवतो?"

त्यांनी मला असं कधीच सांगितलं नव्हतं, पण मी हो म्हटलं. मेकॅनिकलाही गंमत वाटली. चाचा बरोबर बोलतात, असं तो म्हणाला. झालं, त्या दिवसापासून बाबांना गाडीतलं सगळं कळायला लागलं. घरी आलो की ते सीटवरून उतरायचे नाहीत, मनातल्या मनात शंभर आकडे मोजायचे आणि मग सांगायचे, "कर आता बंद." सकाळी मी चावी फिरवली की हात आडवा धरायचे, अजून तापली नाही म्हणून. मला कौतुक वाटायचं. ऑफिसात मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या म्हाताऱ्याला टर्बो कळतो.

एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार ओलांडले आणि पहिल्यांदा मागून निळसर धूर दिसला. बाबांनीच आरशात बघितला.

"ह्यो काय?"

"ऑइल जलतंय बाबा. वय झालं तिचं."

"मंग कमी होत आसंल."

"होत आसंल थोडं."

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, या वयाला थोडं होतं, सर्व्हिसला आणा मग बघू. सर्व्हिसला वेळ होता. ऑइल कमी झालं तर समोर दिवा लागतो हे मला माहीत होतं, आणि दिवा लागत नव्हता. म्हणून मी बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी एकदाही बाहेर काढली नाही. दोन मिनिटांचं काम, पण माझ्या शर्टाचे कफ पांढरे असतात. धूर वाढतच गेला. मी सर्व्हिसच्या तारखेची वाट बघत बसलो.

घरात मात्र सगळं कधी नव्हे इतकं छान चाललं होतं. बाबा पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, गाडी पुसायचे, तिच्याभोवती खुटुरखुटुर करत असायचे. बायको म्हणायची, बघा, भाकरी मागून घेतात हल्ली.

तो रविवार उरणहून परतीचा. रस्त्यात समोर लाल दिवा लागला, ऑइलच्या दाबाचा. थांबवायला जागा बघेपर्यंत, जेमतेम दोनशे पावलं, आतून कोणीतरी हातोडा मारल्यासारखा आवाज यायला लागला आणि गाडी धक्का देऊन गप्प झाली. पुन्हा चावी फिरवली तर टक्क एवढाच आवाज. बाबांनी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवला. कंटेनरचे ट्रेलर आमच्या अंगावर धूळ उडवत जात होते, आणि क्रेन येईपर्यंत बाबा उन्हात गाडीपाशीच उभे राहिले, रिक्षा थांबवून बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गॅरेजला गेलो. मेकॅनिकने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग ऑइल खाली सोडलं आणि बघत राहिला.

"साहेब, पाच लिटरची जागा आहे. सातच्या वर निघालं. एवढं कोणी टाकलं?" मग त्याने दोन बोटांत ते चोळलं. "आणि हे आपलं नाही. ट्रकचं आहे."

त्याने मला समजावून सांगितलं. ऑइल जास्त झालं की आतला फिरता दांडा त्याला घुसळतो, त्याचा फेस होतो. पंपाला ऑइलऐवजी फेस मिळतो, आणि फेसाने लोखंडाला लोखंड घासायचं थांबत नाही. जास्तीचं ऑइल टर्बोच्या वाटेने जाऊन जळतं, धूर वाढत गेला तो त्यानेच. दुसरं इंजिन बसवण्यात अर्थ नाही म्हणाला. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, हे झालं नसतं तर?

"अजून साठ-सत्तर हजार कुठे गेली नसती. आतून चांगली होती बिचारी."

घरी आलो तेव्हा बाबा दुपारचे झोपले होते. घरामागे पाण्याच्या टाकीआड ट्रकच्या ऑइलचे तीन रिकामे डबे नीट ओळीने ठेवलेले होते, आणि बाटली कापून केलेलं नरसाळं. बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच आणायला सांगितलंत. ते म्हणत होते, उद्या लांब जायचं तर आज पाजायला लागतं. नाक्यावरच्या दुकानातून आणायचे. ट्रेलर एवढा बोजा ओढतो त्या तेलावर, म्हणजे तेच खरं दमाचं, असं म्हणत होते."

आणि मला आमचा गोठा आठवला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चुलता बैलाची मान वर धरायचा आणि बाबा बांबूच्या नळ्याने त्याच्या घशात तेल ओतायचे, वर अंडी. बैल फुरफुरायचा, बाबा त्याचा गळा चोळायचे आणि आईने आम्हाला कधी म्हटलं नसेल इतक्या मायेने म्हणायचे, घे रे माझ्या राजा, अजून एक घे. आमच्या घरात लाडक्याला कमी घालणं हेच पाप होतं. धूर बघून मी म्हणालो होतो, होत असेल कमी. त्यानंतर त्यांनी दर शनिवारी घातलं होतं.

मला संताप आला, खोटं कशाला सांगू. आत जाऊन गदागदा हलवून उठवावं आणि ते डबे समोर आपटावेत, असं वाटलं. आत गेलो तर ते जागेच होते, छताकडे बघत.

"काय म्हनला तो?"

"इंजान गेला."

"कशानी?"

सगळं तोंडात आलं होतं. त्यांचे हात चादरीवर होते, नखांच्या कडांना काळं होतं. मी म्हटलं, "वय झालेला तिचा, बाबा. एक लाख ब्याण्णव हजार झाले."

ते उठून बसले. "खोटा बोलू नुको. वयानी असा उभ्या उभ्या जात नाय कोनी. तू मारलास तिला. मी बाजूला बसायचो, मना कलत नवता? मुका जनावर, सांगल कसा? तू पाय दाबतच रायलास."

बोललो असतो तर एका वाक्यात सुटलो असतो. बायको दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं, मी नको म्हणून मान हलवली.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नात्यात एका हळदीला गेलो, तिथे त्यांनी जुन्या शर्यतवाल्या दोस्तांना सगळं सांगितलं. पांढऱ्या टोप्यांची ती सगळी रांग माझ्याकडे बघत होती. एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "बापाच्या हाताखाली येवढा वाढलास, तरी दम वलखता येत नाय तुला?" मी हसलो. दुसरं काय करणार. बायको घरी येऊन चिडली, म्हणाली, सांगून टाका एकदा. मीही रोज ठरवायचो. पण सांगायचं म्हणजे त्यांना हेही सांगायचं, की ते रोज पहाटे उठून ज्याला जगवत होते त्याला त्यांनीच मारलं. ते ऐकून हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळला तर त्याला मी कुठल्या गॅरेजला नेऊ? आणि न सांगूनही ते हळूहळू वळतच होते. रविवारी उठले नाहीत. ताट अर्धं राहायला लागलं. मी काहीही केलं तरी तेच होणार होतं.

मग एका संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो, तर ते काठी टेकत आले आणि शेजारी बसले. गाडीची जागा मोकळी होती.

"मी पन एक मारलेला," ते म्हणाले. "तू ल्हान व्हतास. ताप व्हता त्याला, मना कललेला. तरी जुंपला. मैदानातच बसला. सगल्यांना सांगितला, पान लागला, साप डसला म्हून. तुझ्या आयसला बी खरा सांगितला नाय कदी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असं त्यांनी माझ्या आठवणीत कधीच केलेलं नव्हतं.

"व्हतो मानसाच्या हातून. मनाला लावून घेव नुको. मी तुला माफ केला."

माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पश्चात्तापाने. त्यांनी गुडघा थोपटला.

"दुसरी घे," ते म्हणाले. "पन तिचा तेल मी बघीन. तुला नाय जमत ता."

मी म्हटलं, "बरं बाबा."