मुठीतली वायर

पाटोद्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. तो माणसांपेक्षा यंत्रांशीच जास्त बोलतो. पिन बसेना की म्हणतो, "नखरे नको, बेटा."

घरचा टीव्ही गेला, म्हणून त्यानं घरी येऊन आमचा जुना व्हीसीआर कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडला, दोन्हींच्या मधे सिग्नल बदलणारी एक डबी बसवून. मी आजवर कधी लावू न दिलेली आमच्या लग्नाची कॅसेट बायकोनं त्याच्याकडे दिली होती, आणि त्यानं ती दुकानात आधीच वाजवून पाहिली होती. चित्र उमटलं. मांडवात मी रुसून बसलेलो, समोर सासरे हात जोडून उभे. आवाज मात्र नव्हता.

"मॉनिटरला आवाज नसतो, भाभी," तो माझ्या बायकोला म्हणाला. स्पीकरची वायर त्याच्या मुठीत होती. माझी लाज राखायलाच लपवली होती त्यानं.

मला राहवलं नाही. "लावा ती," मी म्हणालो, आणि बायकोला सांगून टाकलं, "हा व्हीसीआर तुझ्या बाबांनी हौसेनं दिला नाही. मी अडून बसून घेतला."

"मला लग्नातच कळलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी कवा बोलता, याचीच वाट बघत व्हते."

वायर लागली. "व्हीसीआर पाहिजे म्हणजे पाहिजे!" माझाच आवाज खोलीभर घुमला.

बायको खदखदून हसली. "भाईजान, जरा मागं घ्या! ह्यांचं रुसलेलं तोंड परत बघू द्या!"