आप्पांचं उतरायचं राहिलेलं विमान

आमचे आप्पा वारले तेव्हा त्यांचं विमान हवेत होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली, तीही शिरूर-न्हावरे-केडगाव-दौंड याच रस्त्यावर. खरं विमान त्यांनी फक्त खालून पाहिलेलं. हवेत होतं ते आमच्या न्हावऱ्याच्या घरातल्या कॉम्प्युटरमधलं. हा कॉम्प्युटर मी आणला शिकायला. कारेगावजवळ ज्या कंपनीत मी कामाला होतो, तिथले साहेब म्हणाले होते, "कॉम्प्युटर शिकलास तर सुपरवायझर होशील." मी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर उचलला, दुकानदाराने वर एक सीडी दिली, त्या सीडीत विमान चालवायचा खेळ निघाला आणि माझं शिक्षण तिथंच संपलं! (सुपरवायझर झालो नाही. आता होतही नाही.)

खेळ म्हणजे गोळ्या घालायचा पोरखेळ नव्हे हां! खऱ्या वैमानिकासमोर असतात तशी घड्याळं, खटके, खाली नकाशाबरहुकूम नद्या न् डोंगर. टेबलावर एक दांडा ठेवायचा. ओढला की विमान वर, ढकलला की खाली. मी कामावरून आलो की हातपायही न धुता उडायचो. आप्पा नुकतेच रिटायर झालेले. काही दिवस माझ्यामागं उभे राहून गुपचूप बघत होते. एके दिवशी म्हणाले, "सरक. हॉर्न कुठाय?"

"आप्पा, विमानाला हॉर्न नसतो."

"आन् म्होरं म्हस आली तर?"

"वर म्हशी नसतात, आप्पा!"

"तू गेलतास व्हय वर बघायला?"

त्या दिवसापासून कॉम्प्युटर माझा राहिला नाही. आप्पा सकाळी अंघोळ करून, जुना खाकी शर्ट चढवून ड्युटीवर बसायचे. पुण्याच्या धावपट्टीवरून उठायचं, शिरूर, न्हावरे, केडगाव करत दौंडला जायचं आणि वळून परत पुणे. खेळात शिरूर नव्हतं, दौंडही नव्हतं, नुसती मातकट जमीन. पण घोड आणि भीमा होत्या, आणि आप्पांना नदीचं एकेक वळण पाठ. "ह्यो वाक आला का, उजव्या अंगाला केडगाव. हितं थांबा हाय."

"हवेत थांबता येत नाही, आप्पा."

"मंग पॅशिंजरनं उड्या मारायच्या का?"

शेवटी मी त्यांना विमान जागच्या जागी गोठवायचं बटण दाखवलं. झालं! प्रत्येक थांब्याला विमान हवेत उभं. बरं, निघायला डबल बेल पाहिजे. मग स्वयंपाकघरातून आईने ताटलीवर उलथनं दोनदा आपटायचं, टण् टण्, तेव्हाच विमान हलणार. एकदा आई शेजारी गेली होती, तर आप्पांनी केडगावच्या वर तासभर पॅसेंजर ताटकळत ठेवले.

एवढं सगळं जमलं, पण विमान उतरवायचं काही जमेना. धावपट्टी आली की दांडा दाबावा तर विमान नाकावर आपटायचं, ओढावा तर पलीकडं जाऊन आपटायचं. मोठा धडाका व्हायचा आणि स्क्रीनवर लाल अक्षरं यायची. (मलाही जमत नव्हतं, पण मी पडलो की हसायचो आणि चहा प्यायचो.) आप्पांना ते हसण्यावारी नेणं शक्यच नव्हतं. जन्मभर त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. विनाअपघात सेवेचा बिल्ला ते लग्नाकार्यातही छातीवर लावायचे. विमान पडलं की त्या दिवशी जेवायचे नाहीत. आई वैतागून म्हणायची, "रोज उठून घरात सुतक! एकदाच काय ते मोडा तरी ते डबडं!" मग आप्पांनी एक युक्ती काढली. धावपट्टी समोर आली की बटण दाबायचं, विमान तिथंच टांगून ठेवायचं आणि "उतरवतो निवांत" म्हणून उठून जायचं. न उतरलेलं विमान पडलेलं नसतं, हा त्यांचा हिशोब.

त्या दिवशीही सकाळी त्यांनी असंच विमान टांगलं. छातीत जरा कसंतरी होतंय म्हणाले. "पडतो इथंच. च्या झाला की उतरवतो. हात लावायचा न्हाई कुणी," असं म्हणून खाटेवर आडवे झाले. आई चहा घेऊन गेली ती कपासकट तिथंच खाली बसली.

माणसं जमली, रडारड झाली. स्क्रीनवर ते विमान तसंच नाक खाली करून लटकलेलं, ते बंद करायला कुणाचा हात होईना. आणि तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. स्क्रीन काळी ठिक्कर! तोवर दगडासारखे उभे असलेले तात्या, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, त्यांनी हंबरडा फोडला. "गेलं रंऽ! आप्पाचं इमानबी गेलं!"

आता दहावा. आमच्याकडं दहावा म्हणजे नदीच्या घाटावर मांडव, स्पीकर, जनरेटर, प्रवचन आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. सगळं यथासांग झालं. पिंड ठेवले. बाभळीवर कावळे रांगेनं बसलेले. पण एक खाली उतरेल तर शप्पथ! कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, हे सगळ्यांना माहीत. मी हात जोडले. "आप्पा, आईला अंतर देणार नाही." कावळे गप्प. तात्या पुढं झाले. "आप्पा, बांधाचा वाद मिटला म्हणून समज!" कावळे गप्प. दाजींनी तंबाखू सोडायचं वचन दिलं, तसा जवळचा एक कावळा होता तोही लांब जाऊन बसला.

ऊन चढायला लागलं. पुढाऱ्यांना अजून दोन गावचे दहावे गाठायचे होते. माझं नुकतंच तासलेलं डोकं तव्यासारखं तापलेलं. आईकडं मात्र बघवत नव्हतं. ती नुसती कावळ्यांकडं बघत होती. एवढी वर्षं ज्या माणसाबरोबर काढली तो अजून सुटला नाही, कुठंतरी अडकून पडलाय, ह्या विचारानं तिचा चेहरा पार उतरला होता. मग ती हळूच म्हणाली, "त्यांचं इमान उतरायचं राह्यलंय."

मी लगेच हात जोडले. "आप्पा, तुमचं विमान मी उतरवतो!"

हे ऐकून दोन कावळे उडूनच गेले.

"तोंडी नगं," तात्या म्हणाले. "त्येला तुझं ड्रायव्हिंग म्हाईत हाय. मशिनच आण हितं!"

दाजी टेम्पो घेऊन गेले आणि कॉम्प्युटर घाटावर आला! आप्पांचा हार घातलेला फोटो टेबलावरून खाली उतरला, त्या जागी स्क्रीन. जनरेटरची वायर जोडली. मागच्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवाल्यानं आवाजाची पिन सरळ मांडवाच्या स्पीकरला लावली. मी ओल्या पंच्यातच खुर्चीत बसलो, दांडा हातात घेतला. पुण्याच्या धावपट्टीवर विमान घुरघुरलं, तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. पण मला काही ते हलवता येईना. आईला काय ते कळलं. तिनं पूजेतला तांब्या उचलला, त्यावर पळी आपटली. टण् टण्. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आणि विमान उठलं.

शिरूर झालं, न्हावरे झालं, प्रत्येक थांब्याला आईची डबल बेल झाली. दौंडवरून वळलो आणि मग सगळ्या घाटानं ड्रायव्हिंग सुरू केलं. "डावीकडं घे, डावीकडं!" "आरं, क्लच दाब की!" पुढाऱ्यांनी माईक घेतला, "आपण सर्वांनी शांतता राखून..." पण त्यांना कोण ऐकतंय! गुरुजी पोथी मिटून पुढं आले. "यजमान, विमानाचं तोंड दक्षिणेला पाहिजे. पितरांची दिशा."

"गुरुजी, धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे!"

"मग मोकळ्या रानात उतरवा. विधी चुकता कामा नये."

तेवढ्यात धावपट्टी समोर आली. आप्पांनी विमान टांगलं होतं बरोबर तीच जागा. बटण दाबावं, टांगून ठेवावं आणि उठून जावं असं वाटलं. पण आई बघत होती. मी दांडा दाबला. जास्त दाबला. घाबरून ओढला, तोही जास्तच. विमान एकदा वर गेलं, एकदा आडवं झालं आणि मांडवाच्या चारी स्पीकरमधून असा काही धडाका झाला की नदीतल्या म्हशी उठून पळाल्या. बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उडाले.

"गेलं!" तात्या म्हणाले. "हुतं ते कावळंबी गेलं!"

स्क्रीनवर लाल अक्षरं. मी खाली मान घातली आणि दहा दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. वडील गेले, आणि त्यांचं एवढं एक काम मला धड करता आलं नाही! लोक उठायला लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. एवढ्यात आईनं माझा खांदा दाबला. एक कावळा कुठूनसा आला, पिंडावर बसला, भाताचा घास घेतला आणि नदीवरून निघून गेला.

घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "आई, विमान तर उतरलंच नाही. मग कसा शिवला गं?"

"येडा हायेस तू," आई डोळे पुसत म्हणाली. "त्यांना कुठं उतरवायचं व्हतं? आपल्या हातनं पडू नये, एवढाच घोर व्हता जिवाला. तू पाडलंस, ते सुटलं."

मला वाटलं होतं, आता गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. झालं उलटंच! आता पंचक्रोशीत कुणाचा कावळा अडला की माझ्या दारात मोटारसायकल येऊन उभी राहते. "चला दादा, मशिन घ्या!" मीही जातो, दुःखाच्या वेळी नाही कसं म्हणायचं? फक्त निघताना सांगून ठेवतो. कावळा येईल की नाही याची खात्री मी देत नाही. विमान पडेल याची देतो.