मालकाचं नाव

सांगलीत माझं कॅसेट रेकॉर्डिंगचं छोटं दुकान होतं, तेव्हा एक तरुण दर रविवारी यायचा. मूळचा आटपाडीचा, कुपवाडच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या प्रेसवर कामाला. साधं बोलतानाही बोटांनी काउंटरवर ठेका धरायचा. बोटीवर नोकरी करणाऱ्या मेहुण्यानं त्याला अमेरिकेतल्या काळ्या पोरांची कॅसेट दिली होती. तिच्यात ठेक्यावर नुसतं रागानं बोलणं. "इंग्रजी कळत न्हाई, पर राग कळतुय की," तो म्हणायचा.

मग त्यानं स्वतःचीच कॅसेट करायला घेतली. हलगीवर त्याचा भाऊ आणि बोलणारा हा. पाच रविवार गेले. शेवटच्या तुकड्यात प्रेसखाली चार बोटं गेलेल्या सोबत्याची हकीकत होती, आणि मालकाचं नाव.

आम्ही तेच मोठ्या आवाजात ऐकत होतो, तेवढ्यात बाहेरून ते ऐकून त्या कारखान्याचा मॅनेजर दुकानात शिरला.

"ते नाव पुसा," तो मला म्हणाला, "नाहीतर हे दुकान कसं चालतं ते बघतो."

मी त्या तरुणाला विचारलं, "एवढं नाव काढू या का रे?"

त्यानं डेकमधून कॅसेट बाहेर काढली, तिच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे स्क्रू-ड्रायव्हरनं मोडले आणि ती खिशात टाकली.

"आता पुसाय येत न्हाई, सायेब."

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा पुसता येतं, हे मला ठाऊक होतं.

"खरं," मी म्हणालो.